आक्का, सुरतच्या जेवणाचे पैसे

आक्का,

माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. ओळ सुरू होते वर आणि संपते खाली. शब्दही चुकतील, वेलांट्या तर चुकतीलच. चौथीनंतर मी लिहिलं ते किराणाच्या यादीपुरतं, आणि तुम्ही घरी आलात की त्या यादीतही पेन घेऊन दुरुस्ती करायचात. आता दुरुस्त करायला तुम्ही नाही, म्हणून आधीच माफी मागते. नातवाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. हे कोणाला दाखवायचं नाही. दुपारी घरात कोणी नसतं.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचे दोनशे चाळीस रुपये माझ्याकडे राहिले होते. सगळे रडत होते, मीही रडत होते, पण रडताना ते दोनशे चाळीस रुपये डोक्यातून जात नव्हते. अशा वेळी कोणी पैशाचा विचार करतं का, म्हणून माझी मलाच लाज वाटली. पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. ते पैसे कसले होते ते तुम्हाला आणि मलाच माहीत होतं.

लोक ओट्यावर बसून तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते. तुमची नोकरी, तुमची शिस्त, एकटीनं लेकाला, प्रवीणला, शिकवलं ते. सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही सुरतच्या त्या हॉटेलात बसलेल्या येता. कोपर टेबलावर, चष्मा कपाळावर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

प्रवीणच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आपण गेलो होतो. तुम्ही, मी, तुमचा भाऊ म्हणजे आमचे हे, आणि प्रवीण. मी पहाटे उठून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असा मोठा डबा भरला होता. नंदुरबारला गाडीत बसल्यापासून तो डबा मीच सांभाळला. सुरतेला आपण दोघी साड्यांच्या दुकानात गेलो आणि डबा पुरुषांकडे दिला, ते कोटाचं कापड बघायला गेले. मानाच्या साड्या मोजून, कोणाला कोणती ते ठरवून आपण दुकानातून निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. मामा-भाचे पायरीवर बसले होते. तुम्ही डबा उघडला. त्यात फक्त भाकरीचं फडकं होतं.

"आम्हनाकरता काय ठेवं? फडकं?" तुम्ही विचारलं.

"तुम्ही येतच नही व्हतात," तुमचा भाऊ म्हणाला. "आम्हले भूक लागनी."

खरं सांगते, मला राग आला नव्हता. आमच्या घरात पुरुष आधी जेवतात, उरलं ते आपलं. कधी उरतं, कधी उरत नाही. मी म्हणणार होते की घरी जाऊन खाऊ. पण तुम्ही डब्याचं झाकण लावलं, भावाच्या हातात दिलं आणि माझ्या दंडाला धरलं.

"चाल व सुमन. उरेल खावानं वय गयं आते."

रस्त्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर ती पाटी होती. पाटीवर वाफ येणारी वाटी आणि हिरवी पानं काढलेली. खाली हिंदीत व्हिएतनाम असं काहीतरी, आणि शुद्ध शाकाहारी. मी ते अक्षर अक्षर लावत होते, तोवर तुम्ही जिन्याकडे निघालात.

"आक्का, हाई काय शे?"

"लहानपने दादाना रेडिओवर रोज लागे. व्हिएतनाम, व्हिएतनाम. आज इतला मरनात, काल तितला. इतली लढाई ऐकी, पन त्या लोके खातस काय, हाई कोणी सांगं नही."

तुमचे दादा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन तुमच्या माहेरी, ब्राह्मणपुरीत आले तेव्हा तो रेडिओ बंद पडलेला होता, त्याच्यावर मिरच्यांची पिशवी ठेवलेली असायची. त्यातून कधी कुठल्या देशाच्या लढाया यायच्या हे मला तुमच्याकडून त्या जिन्यावर कळलं.

आत थंड होतं. काचेचं दार मला ढकलायचं की ओढायचं कळेना. मी भिंतीकडे तोंड करून बसायला गेले. मी कायम तशीच बसते, परक्या माणसांसमोर मला घास उतरत नाही. तुम्ही खुर्ची धरून ठेवली.

"भितकडे तोंड करी बठू नको. भित तुले काय वाढाव नही."

म्हणून मी दाराकडे तोंड करून बसले. पदर डोक्यावर घेतला आणि टेबलाकडे बघत राहिले. तुम्ही फोटो बघून बोट ठेवलं, हे आणि हे. वाढणारा माणूस तुमच्या भावाच्या वयाचा होता. त्यानं आधी एक ताट आणलं. त्यात पांढरे, गोल, काचेसारखे पातळ पापड होते. शेजारी पाण्याची पसरट वाटी, काकडी, गाजर, पुदिना, पांढरं पनीरसारखं काही, आणि शेंगदाण्याची चटणी.

मी एक पापड हातात घेतला. आक्का, मला वाचायला कमी येतं, पण पापड मला येतो. पन्नास घरांचे पापड आणि ज्वारीचे बिबडे मी वाळवले असतील. बोटानं दाबला आणि कळलं, हा तांदळाचा आहे, चांगला वाळलेला आहे, आणि कच्चा आहे. पाणी हात धुवायला ठेवलं असेल असं मी धरलं. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घाईत भाजायचा राहिला. त्याला मालक रागावेल. म्हणून, जी बस कंडक्टरशीसुद्धा बोलत नाही ती मी उठले आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"भाऊ, ह्या पापड कच्चा शेत. भाजी लई या."

त्याला भाषा बहुतेक कळली. तो ताट आत घेऊन गेला. तुम्ही मेनूचं कार्ड वाचत होतात, तुमचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं तो आला तेव्हा ताटात वाकडेतिकडे, डाग पडलेले, फुगलेले पापड होते आणि त्याच्यामागे हॉटेलची मालकीण. चाळिशीची गुजराती बाई, केस कापलेले. ती हसत होती. तिनं वाटीतल्या पाण्याकडे बोट केलं आणि हिंदीत सांगितलं की हा कागदासारखा पापड या पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की त्यात भाजी गुंडाळायची.

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ती लगेच म्हणाली, "मासी, वहाँ भी इसको कोयले पे सेंक के खाते हैं. मैंने देखा है."

तुम्ही चष्मा कपाळावर घेतलात. "देखं? तू तं व्हिएतनामनीच निंघनी," म्हणालात आणि हसायला लागलात. इतक्या हसलात की शेजारच्या टेबलावरच्या पोरी वळून बघायला लागल्या. मग मीही हसले. पदर खाली आला तो मी परत घेतला नाही.

तिनं दुसरं ताट आणून दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत. पाण्यात बुडवल्यावर तो पापड अगदी ओल्या बिबड्यासारखा झाला. उन्हाळ्यात गच्चीवर फडक्यावर घातलेले बिबडे अर्धे वाळले की पोरं चोरून खातात ना, तसा. तुम्ही पहिला गुंडाळला तो फुटला. दुसरा फुटला. मी केलेला फुटला नाही. तुम्ही म्हणालात, "आते तू करी दे, मी खास." मी करत गेले, तुम्ही खात गेलात, आणि मध्ये मध्ये तुम्ही माझ्या तोंडासमोर धरायचात, "तू बी खाय." आईनंतर मला कोणी भरवलं नव्हतं.

मग ती शेवयांची वाटी आली. मोठी, दोघींत एक. गरम पाण्यात शेवया, वर पानं. तुम्ही चमच्यानं एक हिरवी काडी वर काढली, वास घेतलात आणि माझ्याकडे दिली. गवती चहा. आपल्या मोरीच्या मागे आहे तोच. त्यांच्या लाल चटणीत बोट बुडवून तुम्ही म्हणालात, "रंग शे, दम नही. नंदुरबारना बजारमा हिले कोणी इचारावं नही." मालकीण विचारत होती कसं आहे, तर तिला म्हणालात, फस्क्लास.

मग बिल आलं. अकराशे चाळीस रुपये.

माझ्या बटव्यात पाचशे होते, तुमच्या भावानं बांगड्यांसाठी दिलेले. मी ते काढले तोवर तुम्ही पैसे देऊन टाकलेत. घरच्या लेकीचं माहेरच्यांनी खायचं नसतं हे मला सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुमच्याकडे चहा घेतला तरी मी निघताना प्रवीणच्या हातावर काहीतरी ठेवून यायचे. आणि मी नणंदेचं अकराशे चाळीस रुपयांचं जेवून बसले.

गाडीत मी तुम्हाला हळूच म्हटलं की घरी गेले की यांच्याकडून पैसे पाठवते. तुम्ही खिडकीतून बघत होतात. नवापूर मागे गेलं.

"भाऊना पैसा मी लेवाव नही," मग म्हणालात. "त्यानी डबा खादा. हाटेलमा तू खादं. तू दे."

"मन्हाकडे कोठून येतीन?"

"ते मी कसं सांगू."

आक्का, तेव्हा मला फार लागलं. मला वाटलं, कमावती नणंद बिनकमावत्या भावजयीला टोमणा मारते आहे. मी रुसले. तुम्हाला कळलंही नसेल, कारण मी रुसले तरी बोलते तितकीच बोलते.

त्यात हळदीच्या दिवशी तुम्ही सगळ्या बायकांमध्ये ती गोष्ट सांगितलीत. सुमननं सुरतेत हॉटेलवाल्याला पापड भाजायला लावले. बायका मांड्या थोपटून हसल्या. मी कोठीत जाऊन गव्हाच्या पोत्यामागे बसले आणि रडले. तुम्ही हाक मारत आलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "हसनात लोके. खाई नही टाकनात तुले." आणि हळदीचं ताट माझ्या हातात देऊन निघून गेलात. यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. ती गोष्ट आपल्या दोघींची होती, ती वाटायला नको होती, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. आजही मला वाटतं की तुमचं चुकलं.

पण हेही खरं आहे की त्या हसणाऱ्यांत तुमच्या शेजारच्या मास्तरीणबाई होत्या. निघताना त्या माझ्याजवळ आल्या. "सुरतवाल्या मामी तुम्हीच का? मला उन्हाळ्यात बिबडे करून द्याल का? मला शाळेमुळे होत नाही. पैसे देईन."

मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच माहीत नाही.

उन्हाळा लागला. ज्वारी भिजवली, दळली, घाटा शिजवला, खाटेवर ओलं फडकं टाकून बिबडे घातले. हे काम मी जन्मभर केलं, पण नातेवाइकांना, फुकट. डबा घेऊन एसटीनं तुमच्या शहाद्याला एकटी गेले. त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. तुमच्या घरी येऊन बसले. तुम्ही डबा बघितलात. मला वाटलं तुम्ही म्हणाल, दे मीच पोचवते. किंवा तुम्हीच घ्याल.

"तुम्ही ठेवी ल्या ना आक्का."

"मी लेसू तं फुकटच लेसू. नणंद शे मी." आणि तुम्ही पाय पसरून पेपर उघडला.

मी परत गेले. कडी वाजवली. बाईंनी एक बिबडा तिथेच तळून पाहिला आणि दोनशे रुपये दिले. दोन नोटा. मी त्या मुठीत धरून तुमच्या दारात आले, चप्पलही काढली नाही. तुम्ही अंगठा ओला करून दोन नोटा मोजल्यात. दोनच होत्या.

"आजून नऊशे चाळीस."

शाबास नाही, काही नाही. मला जरा राग आला. रागात मी जास्त ज्वारी भिजवली. मास्तरीणबाईंनी आणखी दोघींना सांगितलं, मग बँकेतल्या एका बाईंना. पुढच्या खेपेला तुम्हाला अडीचशे दिले. मग दीडशे, कारण त्या वेळी फडकी घेतली होती. मग तीनशे. प्रत्येक वेळी तुम्ही मोजून घ्यायचात आणि राहिलेला आकडा सांगायचात. मग चहा ठेवायचात आणि आपण बोलत बसायचो. तुमच्या गुडघ्याबद्दल, माझ्या सुनेबद्दल, टीव्हीवरच्या त्या रडक्या बाईबद्दल. आक्का, लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण मी तुमच्याशी बोलायला लागले ती या पैशांमुळे. त्याआधी मी तुम्हाला वाढायचे फक्त.

गेल्या महिन्यात मी शेवटचे दोनशे चाळीस घेऊन आले. सुटे करून आणले होते, शंभराच्या दोन, विसाच्या दोन. तुम्ही खाटेवर पडून होतात, दमल्यासारख्या. मी नोटा पुढे केल्या. तुम्ही हात मागे घेतलात.

"पुढला खेपले दे."

"आज का नही?"

"देनं सरनं तं तू कसाले येशी मन्हाकडे?"

मी हसले आणि नोटा बटव्यात ठेवल्या. तेव्हा म्हणायला हवं होतं, की नाही सरलं तरी येईन. रोज येईन. पैशांसाठी कोण येतं तुमच्याकडे. हे वाक्य मला एसटीत बसल्यावर सुचलं. मला नेहमी एसटीत बसल्यावरच सुचतं. पुढच्या खेपेला म्हणू, असं ठरवलं.

पुढच्या खेपेला मी माहेरची साडी घेऊन आले. तुमच्या भावानं हिरवी घेतली, भारीतली घेतली, दुकानात तो दर विचारत नव्हता. मी ती तुमच्या अंगावर घातली. बटवा माझ्या कमरेला होता आणि नोटा त्यात तशाच होत्या. एकदा वाटलं, साडीच्या पदराला गाठ मारून बांधून द्यावेत, म्हणजे तुमचे तुमच्याबरोबर गेले. गाठीसाठी पदर हातात घेतलासुद्धा. पण ते जळणार. जळालेले पैसे दिले असं मी कसं धरू. तुम्ही मोजल्याशिवाय माझ्याकडून कधी घेतले नाहीत. मी पदर सोडला आणि नीट बसवला.

तेव्हापासून तेरा दिवस ते बटव्यात होते. मला भीती वाटायची की घाईत एखाद्या दिवशी त्यातूनच दूध घेतलं जाईल.

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं आटोपली. प्रवीण आणि त्याचा मामा ओट्यावर सतरंजीवर बसले होते, आणखी चार-पाच पुरुष होते. मी ठरवलं होतं की प्रवीणला आत बोलावून हळूच द्यावेत. पण तो उठेना, आणि आमची एसटी निघायची वेळ झाली. मी बाहेर आले. सगळ्यांसमोर. बटव्यातून नोटा काढल्या आणि त्याच्यासमोर धरल्या.

"प्रवीण, हाई तुन्ही मायनं देनं व्हतं. दोनशे चाळीस."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे रडून सुजलेले. "मामी, ऱ्हाऊ द्या. आईनी माले काहीच सांगेल नही."

"कसाना पैसा व?" तुमच्या भावानं विचारलं. "माले सांगती तं मी कव्हयच दी टाकता."

"तुम्हना चालता नही," मी म्हणाले. "आक्कानी सांगेल व्हतं."

मी एवढ्या माणसांत नवऱ्याला उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं, मीही नाही.

प्रवीण हात जोडून म्हणाला, "बरं. मंग मामीनं भाचाले दिन्हं म्हणी ठेवी लेस."

त्याचं चुकलं नाही. भाच्याला दिलं की दान होतं, सगळेच तसं समजतात. पण मला ते दान व्हायला नको होतं. दान केलं असतं तर मी मोठी झाले असते आणि तुमचे पैसे तसेच राहिले असते.

"दान नको रे भाऊ. दान मी तुले दिवाळीले देसू. हाई सुरतना जेवनना शे. आम्ही दोन्ही जेवनूत व्हतूत. अकराशे चाळीस बिल व्हतं. बिबडा इकी इकी नऊशे दिन्हात, इतला ऱ्हायनात." एवढं मी एका दमात बोलले आणि मग म्हणाले, "मोज."

त्यानं मामाकडे बघितलं. मामा खाली बघत होता. मग प्रवीणनं नोटा घेतल्या आणि मोजल्या, शंभराच्या दोन, विसाच्या दोन. तो उठून आत गेला. तुमची काळी पर्स अजून दारामागच्या खिळ्याला आहे. मी दारातून बघत होते. त्यानं चेन उघडली, नोटा आत ठेवल्या, चेन लावली.

दोनशे, अडीचशे, दीडशे, तीनशे आणि काल दोनशे चाळीस. अकराशे चाळीस झाले, आक्का. पूर्ण.